उजव्या बाजूचा फोटो

सुवर्णानं डोक्यावरची ओढणी सोडली, घडी करून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “ताई, आता लावा.”

मी तेव्हा कारखान्याच्या मागच्या खोलीत माक्याची पावडर कागदाच्या पुंगळीत भरत होते. पुंगळी हातात तशीच राहिली. सुवर्णाचं डोकं तुळतुळीत होतं. आदल्या दिवशीपर्यंत तिची वेणी कमरेखाली जात होती. आता डाव्या कानाच्या वरून थेट टाळूपर्यंत गेलेला जुना व्रण उघडा पडला होता. तळहाताएवढा रुंद, चकचकीत, थोडा आत दबलेला. कारखान्यात तो आजवर फक्त मी पाहिला होता, तोही एकदाच. आता बाटल्या धुणाऱ्या बायका दारात येऊन बघत होत्या.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“उंदरांचे न्हाई का काढले तुम्ही आधी?” ती म्हणाली. “मग आलेच की.”

काय झालं होतं ते नीट कळायला थोडं मागं जावं लागेल. मला लिहायची सवय नाही, प्रॅक्टिकलचं जर्नल सोडलं तर. तेव्हा जसं घडलं तसं, त्याच क्रमानं सांगते.

मी कंधार तालुक्यातल्या एका लहान गावातली. घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. बी.फार्म. म्हणजे काय हे वडिलांना सांगताना मी ‘औषधं बनवायचं शिक्षण’ एवढंच सांगायची, आणि ते गावात ‘डॉक्टरकीच्या शेजारचं’ असं सांगायचे. लातूरला कॉलेज मिळालं तेव्हा तिथं क्लासेसचा जोर होता. मेडिकलची तयारी करणारी मुलं कुठून कुठून यायची. प्रत्येक गल्लीत हॉस्टेल, मेस आणि झेरॉक्सचं दुकान. आणि हॉस्टेलमधल्या प्रत्येक मुलीची एक तक्रार ठरलेली: इथल्या पाण्यानं केस जातात. बोअरचं जड पाणी, अपुरी झोप, मेसचं जेवण, परीक्षेची धास्ती, कारण काहीही असो. मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका दिसला की मुली रडायच्या. मीही त्यातलीच होते.

आमच्या शेठनी हे बरोबर हेरलं. ते मूळचे डाळमिलवाले. मिल भावांकडं गेली आणि ह्यांच्याकडं आली आजीच्या हातची तेलाची कृती. एमआयडीसीत त्यांनी एक छोटं युनिट टाकलं. माका, जास्वंदीची पानं, जटामांसी, आवळा घालून तेल उकळायचं, बाटल्या भरायच्या, हॉस्टेलजवळच्या दुकानांत ठेवायच्या. तेल वाईट नव्हतं. मीही लावायची. डोकं थंड राहायचं, केस मऊ व्हायचे. ह्यापेक्षा जास्त त्याच्याबद्दल मी तेव्हाही बोलले नाही आणि आताही बोलणार नाही.

शेवटच्या वर्षाला आम्हाला प्रोजेक्ट असतो. आमच्या गाइड सरांची आणि शेठची ओळख होती. ठरलं असं: वनस्पती आणि केमिकल्स शेठ देणार. मी दुपारनंतर त्यांच्या युनिटमध्ये बसून अर्क काढणार, उंदरांवरची चाचणी कॉलेजात करणार, आणि रिपोर्टची एक प्रत त्यांना देणार. गाइड सरांना इंडस्ट्रीचा प्रोजेक्ट मिळाला, शेठना केमिस्ट मिळाली. मला लॅब मिळाली, ह्याचाच आनंद मला जास्त होता.

अर्क काढणं म्हणजे काय, तर चहाच. पत्ती उकळतो, रंग आणि वास पाण्यात उतरतो, चोथा टाकून देतो. फक्त वनस्पतीतलं सगळंच पाण्यात उतरत नाही. काही गोष्टी स्पिरिटमध्ये उतरतात, काही पेट्रोलियम ईथरमध्ये. त्यासाठी सॉक्सलेट नावाचं काचेचं उपकरण असतं. खाली द्रव उकळतो, वाफ वर जाऊन थंड होते, थेंब थेंब पावडरीवर पडते. नळी भरली की सगळं एकदम खाली उतरतं. मग पुन्हा तेच, दिवसभर. शेवटी उरतो एक हिरवट-काळा चिकट गोळा. पोतंभर माक्यातून वाटीभर. शेठ येऊन बघायचे आणि हिरमुसायचे.

“काय करलालीस बाई दिवसभर? एवढंच निघालं?”

मी सांगायची की एवढ्यातच सगळं आहे. त्यांना ते पटायचं नाही. डाळमिलच्या माणसाला पोत्यातून पोतं निघायची सवय.

उंदरांची चाचणी सोपी असते. पांढऱ्या उंदरांच्या पाठीवरचा एक चौकोन भादरून साफ करायचा. एका गटाला रोज अर्क घातलेलं तेल लावायचं. एका गटाला बाजारातलं औषध. आणि एका गटाला नुसतं साधं तेल. ह्या शेवटच्या गटाला कंट्रोल म्हणतात. आपण काहीच केलं नसतं तर काय झालं असतं, हे तो दाखवतो. लोकांना हा गट बिनकामाचा वाटतो. खरं तर चाचणीचा सगळा अर्थ त्यातच असतो. केस भादरायचे तेसुद्धा आपल्याला वाढ दिसावी म्हणून. तो उपचाराचा भाग नाही.

निकाल असा आला: सगळ्या गटांचे केस आले. उंदीर तरणे होते, कातडी निरोगी होती, भादरलेले केस येणारच होते. अर्कवाल्यांचे थोडे आधी आले आणि थोडे दाट दिसले. रिपोर्टात मी तेच लिहिलं. रिपोर्ट इंग्रजीत होता, म्हणून शेठनी मला समोर बसवून विचारलं.

“आले का केस?”

“आले. पण साध्या तेलाच्या उंदरांचेही—”

“आले म्हण की मग.”

आठवड्याभरात त्यांच्या ऑफिसात एक फ्रेम लागली. वर भादरलेला उंदीर, खाली केसाळ उंदीर. दोन्ही अर्काच्या गटातले. कंट्रोलच्या उंदरांचे फोटो मी त्याच पाकिटात दिले होते. ते कुठं आहेत असं मी विचारलं. जागा पुरत नाही, असं शेठ म्हणाले. फ्रेममध्ये उरलेल्या जागेत त्यांनी गणपती चिकटवला होता.

सुवर्णा बाटल्या भरायच्या टेबलावर होती. माझ्यापेक्षा तीनचार वर्षांनी लहान. लातूरचा मोठा भूकंप झाला तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. दगडमातीच्या भिंतीखाली घरातली सगळी सापडली. वडील आणि धाकटा भाऊ गेले. ती आणि आई राहिल्या. काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये, मग पुनर्वसनातल्या नव्या घरात, मग लातूरला. आई मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. हे सगळं सुवर्णानं मला बाटल्यांना बूच लावता लावता सांगितलं. ती भूकंपाबद्दल बोलायची तेव्हा लोक पावसाबद्दल बोलतात तशी बोलायची.

तिच्या आईनं तिच्या केसांची एक पद्धत बसवली होती. उजवीकडचे केस कधीच कापायचे नाहीत. भांग मधोमध न पाडता उजव्या बाजूला खाली पाडायचा. केस ओले असतानाच तेल लावून व्रणावरून डावीकडं आणायचे, दोन पिना आतून लावायच्या आणि वेणीत घट्ट गुंफायचे. मेसला जायच्या आधी, रोज. वारा आला, पळाली, वाकली, तरी हलायचे नाहीत. शेजारी बसून काम करत असूनही कित्येक दिवस मला काही कळलं नव्हतं. एकदा आई तापानं पडली आणि सुवर्णानं स्वतःच वेणी घातली. त्या दिवशी पिन सुटली, म्हणून तो भूकंपातला व्रण मी पाहिला.

तेव्हाच तिनं विचारलं होतं, “ताई, हितं येतील?”

मी बोटानं चाचपून बघितलं. त्वचेवर एकही छिद्र नव्हतं. केस ज्या मुळातून येतो ते मूळच मोठी जखम भरताना नाहीसं होतं. मी तिला म्हणाले, कातळावर पेरलं तर वरून खत किती का टाकेना. तोंडावर सांगणं जड गेलं, पण सांगितलं. ‘नाही येणार’ असं स्वच्छ शब्दांत.

“हाव,” ती म्हणाली आणि पिन दातात धरून केस बसवायला लागली.

त्याच सुमारास उदगीरकडचं एक स्थळ आलं. मुलगा आडत दुकानात दिवाणजी. मुलाच्या मावशीनं सुवर्णाला कुणाच्या तरी लग्नात पाहिलं होतं आणि वेणी तिच्या डोळ्यात भरली होती. दिवाळीनंतर बघायला येणार होते. आईचं म्हणणं, व्रणाचं काही बोलायचं नाही. सुवर्णाला ते पटत नव्हतं.

“किती दिवस लपवू, ताई? लग्नानंतर न्हायला बसले की सासूला दिसंलच. मग म्हणतील, फसवून दिली.”

“मग आधीच सांग.”

“सांगितलं तर येणारच न्हाईत.” बूच घट्ट करत ती म्हणाली, “केस आले तर सांगायचीबी गरज न्हाई आन् लपवायचीबी.”

माझं उत्तर तिच्याकडं होतं. पण मी शिकणारी मुलगी, आणि शेठ मालक. तिनं शेठना विचारलं. शेठनी फ्रेमकडं बोट दाखवलं. अर्क कातडीला लागला पाहिजे, केसावर लावून काय उपयोग, असं त्यांनी तिला समजावलं. लेकराचं जावळ काढल्यावर केस कसे दाट येतात, हेही सांगितलं. आमच्याकडं हे घराघरात मानतात. त्याला आता कॉलेजच्या उंदरांचा आधार मिळाला होता. शेठ तिला फसवत होते असं मला वाटत नाही. त्यांचा स्वतःचा विश्वास होता. फसवणारा माणूस निदान समोरच्याच्या शंकेला उत्तर तयार ठेवतो. शेठना शंकाच नव्हती.

आई मेसवर गेल्यावर सुवर्णानं गल्लीतल्या न्हाव्याला घरी बोलावलं, आणि तशीच माझ्याकडं आली.

कुणीतरी मेसवर निरोप दिला. तासाभरात आई आली. हाताला कणीक तशीच. तिनं लेकीकडं एकदा बघितलं आणि सरळ ऑफिसात गेली. मी मागं गेले. मला वाटलं, आता ती आरडाओरडा करेल. तिनं आवाज चढवला नाही.

“मालक,” ती म्हणाली, “तेवढेच व्हते तिच्याकडं.”

“येतात हो मावशी. केसच हायेत, जीव न्हाई.”

आई फ्रेमकडं बघत उभी राहिली. मग विचारलं, “ह्या उंदराला जखम झाल्ती का?”

शेठ माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, नाही, त्यांची कातडी चांगली होती. आईनं मान हलवली. ओढणी उचलली, सुवर्णाच्या डोक्याला गुंडाळली आणि तिला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी सुवर्णाला सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण त्यांनी भिंगातून नीट बघितलं. बाकीचे येतील, ते म्हणाले, तेल लावा किंवा नका लावू. व्रणावर नाही येणार. मोठ्या शहरात ऑपरेशन होतं, टप्प्याटप्प्यानं चकती लहान करता येते. किती टप्पे आणि कुठं, हे विचारायच्या आत पुढचा पेशंट स्टुलावर बसला होता.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता तिला पटलं असेल. ती म्हणाली, “डॉक्टरनं आपलं तेल लावून बघितलंच न्हाई की.”

केस काढून झालेच होते. तेव्हा मी शेठना एक गोष्ट सुचवली. अर्क डोक्याच्या एकाच बाजूला लावू. दुसरी बाजू तशीच ठेवू. म्हणजे तेलानं काय झालं आणि आपोआप काय झालं हे निदान कळेल. मी हे अगदी मनापासून सुचवलं होतं. शेठ हसले.

“निम्मं रान पेरायचं आन् निम्मं पडीक ठेवायचं?”

सुवर्णा तर रागावलीच. “अर्ध्या डोक्यानं पाहुण्यांपुढं बसू का मी?”

दोघांचंही त्यांच्या जागी बरोबर होतं. अर्क पूर्ण डोक्याला लागला. मी व्रणावर लावायला नकार दिला, तर ती स्वतः लावायची. दुपारच्या सुट्टीत पत्र्याच्या सावलीत बसून, मधल्या बोटानं, गोल गोल. पॅकिंगच्या बायका तिला ‘उंदरीण’ म्हणायच्या. तीही हसायची. मला ते ऐकवत नसे.

केस आले. आधी करड्या सावलीसारखे, मग खुंट, मग मऊ. शेठ रोज सकाळी येऊन हात नुसता वरून फिरवल्यासारखा करायचे आणि खूश व्हायचे. दिवाळीपर्यंत दोन बोटं उंचीचे दाट केस झाले. मधे व्रण, सारवलेल्या खळ्यासारखा. आईनं एकदा कंगवा घेऊन प्रयत्न केला. उजवीकडचे केस डावीकडं पोचेनात. तिनं कंगवा खाली ठेवला आणि परत हातात घेतला नाही.

उदगीरच्या पाहुण्यांना बघणं पुढं ढकलायचा निरोप गेला होता. ते म्हणाले, ह्या बाजूला कामानं आलोच आहोत, बघून जातो. पुढचं मी पाहिलेलं नाही. सुवर्णानं सांगितलं तसं लिहिते.

तिनं ओढणी कानाखाली पिनेनं बसवली होती. तरी बारीक केस कळतच होते. मावशीनं विचारायच्या आत आई बोलून गेली, बालाजीचा नवस होता, जाऊन आलो. आमच्याकडं, विशेषतः उदगीर-देगलूरच्या बाजूला, हे अगदी रोजचं आहे. बायका-पुरुष सगळेच तिरुपतीला केस देऊन येतात. कुणी त्यात वावगं बघत नाही, उलट मान देतात. मावशीचा चेहरा फुलला. तिनं बसल्या जागी हात जोडले. मग म्हणाली, “परसाद द्या की थोडा. लाडवाचा तुकडाबी चालंल.”

घरात लाडू नव्हता. कुठून असणार? तिरुपतीहून येणारा माणूस एक वेळ कपड्याची पिशवी विसरेल, लाडू विसरणार नाही. आल्यावर गल्लीभर वाटतात आणि पाहुण्यांसाठी चिमूटभर डब्यात राखून ठेवतात. आई म्हणाली, संपला. मावशीनं विचारलं, कधी गेला होतात, कोणत्या गाडीनं, रांगेत किती वेळ लागला. आईला उत्तरं देता आली नाहीत. मग मावशी उठली, सुवर्णाच्या जवळ गेली आणि हळूच ओढणी मागं सारली. रागानं नाही, असं सुवर्णा म्हणाली. डॉक्टर बघतात तसं.

चहा पिऊन गेले. निरोप आला नाही. मध्यस्थानं नंतर कधीतरी सांगितलं म्हणे, की व्रणाचं आम्हाला काही नव्हतं, भूकंपातली किती माणसं आहेत आमच्या नात्यात. पण देवाचं नाव घेऊन खोटं बोलले. हे खरं कारण होतं की सोयीचं, त्यांनाच माहीत. सुवर्णाला मात्र ते पुरलं. त्यानंतर ती आईशी बरेच दिवस बोलली नाही.

मग माझी परीक्षा आली. प्रोजेक्ट जमा केला. युनिटवर जाणं सुटलं. एका दुपारी क्लासेसच्या रस्त्यावर झेरॉक्ससाठी उभी होते आणि समोरच्या भिंतीवर सुवर्णा दिसली.

मोठं छापील पत्रक होतं, रंगीत. एका चौकोनात तुळतुळीत डोकं, दुसऱ्यात दाट बारीक केस. दोन्ही फोटो उजव्या बाजूनं काढलेले. खाली लिहिलं होतं: भूकंपग्रस्त मुलीला मिळाले नवे केस. त्याखाली बारीक अक्षरात: कॉलेजच्या प्रयोगशाळेत सिद्ध. दोन मुली पाठीवरची दप्तरं सावरत ते वाचत होत्या. एक दुसरीला म्हणाली, आपले तर नुसते गळतात, हिला तर नव्हतेच. मग दोघी दुकानात शिरल्या.

मी पत्रक काढून घेऊन शेठकडं गेले.

“शेठ, हे खोटं आहे.”

त्यांना खरंच वाईट वाटलं. खुर्ची पुढं केली, पाणी मागवलं.

“काय खोटं हाय, सांग. डोक्यावर केस नव्हते, आता हायेत. फोटो खरा. पोरगी खरी. भूकंप खरा. तुझा रिपोर्टबी खराच हाय का न्हाई?”

मी एकेक तपासून बघितलं. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी खरी होती.

“डावी बाजू?” मी विचारलं.

“डावी बाजू लावून तेल कोण घेईल, बाई?”

हे त्यांनी कपटानं म्हटलं नाही. मोंढ्याच्या धान्यबाजारात डाळीचा नमुना दाखवतात तो वेचलेलाच असतो. घेणाऱ्यालाही ते माहीत असतं. त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. फक्त हॉस्टेलच्या मुलींना मोंढ्याची रीत माहीत नव्हती. आणि माझ्या रिपोर्टाचा नमुना झाला होता, हे मला तेव्हा कळलं.

मी गाइड सरांकडं गेले. रिपोर्टात एक ओळ वाढवू द्या, अशी विनंती केली: जुन्या व्रणावर ह्या अर्काचा उपयोग होत नाही. सरांनी चष्मा काढला. आपला प्रोजेक्ट उंदरांवर आहे, ते म्हणाले, माणसं त्यात आणू नकोस. आणि आता बाइंडिंग झालंय. त्यांचंही नियमाप्रमाणे बरोबर होतं. प्रोजेक्टला मला चांगले मार्क मिळाले.

मग मी अन्न व औषध खात्याच्या नावानं तक्रार लिहिली. कच्ची लिहिली, पक्की लिहिली. मैत्रिणीला वाचून दाखवली. पण फोटो सुवर्णाचा होता. तिला विचारल्याशिवाय पाठवणं मला बरं वाटेना. मी तिच्या खोलीवर गेले.

आई पोळपाटाशी होती. मला बघून म्हणाली, “बस, जेवूनच जा.” सुवर्णाचे केस आता कानापर्यंत आले होते. घरात ती ओढणी घेत नव्हती. मी पत्रक काढून दाखवलं आणि हे बंद करता येईल असं म्हणाले. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग उठून कपाटातून एक कागद आणला. लग्नासाठी करतात तो बायोडाटा होता. वरच्या कोपऱ्यात तिचा फोटो चिकटवलेला. पत्रकातलाच. नंतरचा. कात्रीनं नीट कापलेला.

“ताई, ते बंद नका करू.”

“तुला न विचारता छापलंय त्यांनी.”

“न्हाई. विचारलं व्हतं. मीच उजवीकडून काढा म्हणलं.” ती फोटोवरून बोट फिरवत होती. “आजवर माझा असा एकबी फोटो नव्हता. पिना न लावता.”

आईनं पोळी उलटली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली की निलंग्याकडचं एक स्थळ आलंय, त्यांना हाच फोटो दिलाय.

“आणि बघायला येतील तेव्हा?” मी विचारलं.

“अजून मुदत हाय,” आई म्हणाली. “तवर उजवीकडचे वाढतील. मग बसवते मी.”

दोघी आता एकमेकींशी बोलत होत्या. मी जेवले. तक्रारीचा कागद पिशवीतून काढलाच नाही.

नांदेडला एम.फार्म. करून आता काही वर्षं मी तिथंच डी.फार्म.च्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेते. मुलं दर वर्षी विचारतात, मॅडम, साध्या तेलाचा गट कशाला ठेवायचा, त्यात उंदीर वाया जातात. मी सांगते की पहिला फोटो त्याच गटाचा काढा. पाकिटात सगळ्यात वर तोच ठेवा. कुणी जागा पुरत नाही म्हणालं, तर बाकीचे फोटोही परत मागून घ्या. ते वहीत लिहून घेतात. तोंडी परीक्षेला हे कुणी विचारत नाही, हेही त्यांना लवकरच कळतं.

ते पत्रक अजून निघतं. मागच्या महिन्यात नांदेडच्या बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्येही दिसलं. फोटो तोच आहे, रंग थोडे भडक झालेत.

निलंग्याच्या स्थळाचं काय झालं, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही. सुवर्णाचे केस एव्हाना पुन्हा कमरेपर्यंत आले असतील. तेल लावलं नसतं तरी तेवढेच आले असते.